१७७७च्या लंडनचा हिवाळा रंगमंचावर: फरचा कोट का नको, आणि काय हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक हौशी नाट्यसंघ १७७७च्या जानेवारीत लंडनमध्ये घडणारं नाटक मराठीत करतो आहे. मुख्य स्त्रीपात्रं दोन: सधन व्यापाऱ्याची बायको आणि तिची मोलकरीण. दिग्दर्शकांना बाईसाहेबांच्या अंगावर लांब फरचा कोट हवा आहे. तो कसा शिवावा, खोटी फर कोणती घ्यावी आणि बाकी हिवाळी कपडे काय असावेत, असं वेशभूषेचं काम बघणाऱ्या ताईंनी विचारलं आहे.

ताई, फरचा कोट शिवू नका. केस बाहेरच्या बाजूला असलेला, खांद्यापासून पायापर्यंतचा फरचा कोट ही युरोपातल्या स्त्रियांच्या फॅशनमध्ये एकोणिसाव्या शतकाची, त्यातही उत्तरार्धाची गोष्ट. अठराव्या शतकात फर तीन जागी दिसते: झग्याच्या किंवा झुलीच्या (म्हणजे खांद्यावरून सोडायच्या बिनबाह्यांच्या वस्त्राच्या) आत अस्तर म्हणून, काठाला पट्टी म्हणून, आणि मफ (हात घालायची नळी) किंवा टिपेट (गळ्याची पट्टी) अशा सुट्या वस्तूंत. आत लावण्यामागे साधं कारण आहे. केसांमध्ये हवा अडकते आणि ती अंगाच्या बाजूला असेल तर ऊब टिकते. बाहेरच्या बाजूला रेशीम किंवा लोकरी कापड आलं की वारा अडतो आणि श्रीमंतीही दिसते. काठावर डोकावणारी दोन बोटं फर बघणाऱ्याला सांगते की आतही तीच आहे. तुम्हाला रंगमंचावर याचा मोठा फायदा होईल: आत फर असल्याचा भास फक्त काठाने निर्माण करता येतो, आणि तुमची नटी दिव्यांच्या उष्णतेत उकडून निघत नाही.

आता खरी किल्ली सांगते. तिच्यावरून पुढचं सगळं आपोआप कळत जाईल. त्या काळच्या इंग्रज बाईचा झगा हिवाळ्यासाठी वेगळा बेतला जात नसे. कापड बदले, बेतणी तीच राही. बाही कोपरापर्यंत, तिथे झालर, खाली मनगटापर्यंतचा हात उघडा. गळा रुंद आणि खोल. पुढून झगा उघडा आणि त्यातून पेटीकोट दिसणारा. डोक्यावर १७७०च्या दशकातली ती उंच केशरचना, जिच्यावर साधी टोपी बसतच नाही. म्हणजे थंडीत उघडं काय राहिलं? कोपराखालचे हात, गळा-छाती आणि डोकं. त्या शतकातली जवळजवळ प्रत्येक हिवाळी वस्तू या तीनपैकी एका जागेसाठी आहे. मफ आणि लांब मिट्स हातांसाठी, टिपेट आणि गळ्यावरचा रुमाल छातीसाठी, हूड आणि कॅलॅश डोक्यासाठी. झूल वरून सगळ्यावर. हे ध्यानात ठेवलंत तर कोणती वस्तू कुठे घालायची हे चित्रं न बघताही ठरवता येईल.

आधी आतले थर, कारण ऊब तिथून येई. अंगाला लागून लिननची शिफ्ट, म्हणजे सैल आतला झगा, त्यावर देवमाशाच्या तोंडातल्या बलीनच्या पट्ट्या घातलेली ताठ स्टेज, म्हणजे धड आवळणारी चोळी. गुडघ्याच्या वर बांधलेले लोकरी मोजे. आजच्यासारखी अंतर्वस्त्रं खाली नसत, त्यामुळे कमरेखालची सगळी ऊब पेटीकोटांवर अवलंबून असे. फ्लॅनेलचा एक आत, त्यावर आणखी एखादा, आणि सर्वांत वर रजईसारखा टाके घालून शिवलेला पेटीकोट. आपल्या परकरासारखा तो लपलेला नसतो. झग्याच्या उघड्या भागातून तो समोर दिसतो, म्हणून त्याच्यावर जीव ओतलेला असे.

या पेटीकोटावर तुमच्या बजेटचा मोठा भाग खर्च करा, असं माझं ठाम मत आहे. वरचं कापड रेशमी साटीन, मागे चकाकी दिलेलं पातळ लोकरी कापड, मध्ये पिंजलेली लोकर, आणि तिन्ही थर चौकटीवर ताणून धावदोऱ्याने जोडलेले. लंडनमध्ये हे तयार विकत मिळत आणि तिथून अमेरिकेतल्या वसाहतींतही जात. नक्षीची एक ठरावीक मांडणी असे: खालच्या हातभर भागात पानंफुलं, वेली, कमानी दाट भरलेल्या, आणि वर कमरेपर्यंत साधी शंकरपाळ्यांची जाळी. कमरेजवळ भरण अगदी कमी ठेवत, नाहीतर कंबर फुगते. दोन्ही बाजूंना खिशात हात घालण्यासाठी चिरा आणि वर नाडी. आपल्या गोधडीत जुन्या कापडाचे थर एकमेकांवर येतात, इथे मध्ये सुटी लोकर आहे, एवढाच फरक. गोधड्या शिवणारी एखादी सरावलेली बाई हे काम तुमच्या शिंप्यापेक्षा चांगलं करेल. तिला नक्षी खडूने आखून द्या आणि टाका अगदी बारीक नको म्हणून सांगा. पाचव्या रांगेतून टाका दिसत नाही, त्याने पडलेला खळगा दिसतो. भरण म्हणून पातळ पॉलिस्टर वॅडिंगचा, म्हणजे सपाट कृत्रिम भरणाचा, एकच थर घ्या. घेर साधारण अडीच मीटर. रंग निळा, फिकट गुलाबी, पिवळसर किंवा काळा चालेल.

इथे आपल्याकडचा एक खरा धागा आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छापील-रंगवलेल्या चिंट्झचे असे पेटीकोट युरोपात फार आवडीचे होते. इंग्लंडने १७२१मध्ये छापील सुती कापड वापरायलाच बंदी घातली, ती १७७४मध्ये इंग्लंडात तयार झालेल्या कापडापुरती उठली. तुमचं नाटक त्यानंतर तीनच वर्षांनी घडतं, त्यामुळे मोलकरणीच्या गळ्याभोवती छापील सुती रुमाल आला तर तो त्या वर्षांची नवी हवा दाखवेल.

आता मफ. दोन्ही बाजूंनी उघडी, मऊ नळी, जिच्यात दोन्ही हात समोरासमोर घालायचे. आतली गादी पिसांची किंवा लोकरीची, तिला रेशमी अस्तर, आणि वर खोळ. खोळ फरचीच असते असं नाही. साटीनवर भरतकाम केलेल्या, पिसांच्या, मखमलीच्या खोळी संग्रहालयांतून टिकून आहेत. त्यांच्या टोकांना रिबिनीसाठी नाडीच्या घड्या असतात, म्हणजे खोळ बदलता येई. आकार दशकागणिक बदलत गेला. शतकाच्या मध्याला लहान, १७७०च्या दशकात मध्यम, १७८०नंतर वाढत वाढत शेवटच्या दशकात प्रचंड. इंग्रज चित्रकार गेन्सबरोने १७८५मध्ये रंगवलेली अभिनेत्री सेरा सिडन्स पाहा, मांडीवर फरचा भलामोठा मफ आहे. फ्रेंच चित्रकर्ती व्हिजे ले ब्रनने १७८६मध्ये रंगवलेल्या मादाम मोले-रेमोंच्या हातातला मफ तर चित्रातलं दुसरं पात्र वाटावं इतका आहे. ही चित्रं इंटरनेटवर सर्रास मिळतात आणि दिग्दर्शक नेमकी तीच दाखवतील. त्यांना नम्रपणे सांगा की नाटक त्याच्या आठ-नऊ वर्षं आधीचं आहे. १७७७साठी मी साधारण तीस सेंटिमीटर लांब आणि पंचावन्न सेंटिमीटर घेराचा मफ बनवते. त्यात दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत जातात आणि तोंडासमोर नेला तरी चेहरा झाकत नाही.

बनवताना घ्यायच्या काळजीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवखा शिंपी खोटी फर हमखास बिघडवतो. कापड उलटं करून मागच्या बाजूला आखणी करा आणि फक्त पाठीचं विणलेलं कापड ब्लेडने चिरा. कात्री चालवलीत तर केसही कापले जातात आणि जोडावर हजामत केल्यासारखी रेघ दिसते. केसांची दिशा आधी हात फिरवून ठरवा आणि बाणाने खूण करा. दोन तुकड्यांची दिशा उलटसुलट झाली तर दिव्याखाली एक गडद, एक फिका दिसतो. शिवण्याआधी केस आत ढकलून टाचण्या लावा, शिवून झाल्यावर जाड सुईने जोडात अडकलेले केस सुलट बाजूने हळूच ओढून काढा. मग जोड शोधूनही सापडत नाही. फर चकचकीत असेल तर ती प्लॅस्टिकसारखी दिसेल. कमी चमकेची, दोन रंगांचे केस मिसळलेली तपकिरी घ्या. खऱ्या फरचा विचारही करू नका. मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर आपल्याकडे २०१७पासून बंदी आहे, आणि नाटकासाठी तिची काडीचीही गरज नाही.

गळ्यासाठी टिपेट. मानेमागून येऊन छातीवर दोन टोकं सोडलेली अरुंद पट्टी, फरची, पिसांची किंवा लेसची. फ्रान्समध्ये तिला पॅलाटिन म्हणत, चौदाव्या लुईची भावजय एलिझाबेथ शार्लोट, पॅलाटिनेट या जर्मन संस्थानाची राजकन्या, हिच्यावरून. १६७६च्या थंडीत तिने गळ्याभोवती आपली जुनी सेबल (एका छोट्या प्राण्याची गडद, महागडी फर) घातली आणि दरबारातल्या बायकांनी तशाच करून घेतल्या. हीच बाई १७०९च्या त्या भयंकर हिवाळ्यात व्हर्सायहून आपल्या आत्याला पत्रात लिहिते की धगधगत्या शेकोटीपाशी बसले आहे, गळ्यात सेबल आहे, पाय अस्वलाच्या कातड्याच्या पिशवीत आहेत, तरी कुडकुडते आहे आणि लेखणी धरवत नाही. तुमच्या नटीला हे जरूर वाचून दाखवा. राजवाड्यात, आगीसमोर, सेबल गुंडाळूनही ही अवस्था, तर लंडनच्या व्यापाऱ्याच्या घरात दारापाशी उभ्या असलेल्या बाईचे खांदे कसे असतील, हे तिला अभिनयातून दाखवायचं आहे. घरातही ती गळ्यावर रुमाल आणि हातात मिट्स घालूनच वावरेल.

मिट्स म्हणजे बोटं उघडी ठेवणारे, कोपरापर्यंतचे हातमोजे. अंगठ्याला छोटी नळी, हाताच्या पाठीवर त्रिकोणी जीभ, जी उलटवली की रंगीत अस्तर दिसतं. कापड तिरक्या धाग्यावर कापलं तरच हातावर नीट बसतात. बोटं मोकळी असल्यामुळे पत्र लिहिता येतं, शिवता येतं, चहा ओतता येतो. बाईला रेशमी, मोलकरणीला विणलेल्या लोकरीचे.

बाहेर जाताना बाईसाहेबांना पेलिस द्या. ही साटीनची झूल, हात बाहेर काढायला उभ्या चिरा, हूड, आत फरचं अस्तर आणि काठाला फरची पट्टी. लांबी गुडघ्याच्या आसपास पुरे, खालून पेटीकोटची नक्षी दिसली पाहिजे. तुम्ही अस्तर साध्या सुती साटीनचं लावा आणि पुढच्या उघड्या काठापासून आत फक्त वीतभर फर जोडा. चालताना, वळताना तेवढीच दिसते. हूड केशरचनेवर बसणार नाही, त्यासाठी कॅलॅश करा. वेताच्या किंवा बलीनच्या कमानींवर ताणलेलं रेशीम, घोडागाडीच्या टपासारखं मिटणारं आणि पुढे रिबीन ओढली की उघडणारं. १७७०च्या दशकात ही वस्तू आली ती उंच केसांमुळेच. आमच्याकडे प्लॅस्टिकची लवचीक नळी वापरतात, तिचा आकार टिकत नाही. बारीक वेतच घ्या, भिजवून वाकवा.

कोणत्या प्राण्याची फर दाखवायची हाही प्रश्न आहे, कारण फर बघून माणूस ओळखला जाई. सर्वांत वर सायबेरियाची सेबल. रशियाचे झार तिकडच्या लोकांकडून करच फरच्या रूपात वसूल करत. एर्मिन म्हणजे हिवाळ्यात पांढरा होणारा स्टोट, मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी, शेपटीचं टोक तेवढं काळं. राज्याभिषेकाच्या झग्यांवर ती मानाप्रमाणे मोजून लावत, पण इंग्लंडात पोशाखाचे जुने निर्बंध १६०४मध्येच उठले होते, तेव्हा ऐपत असलेल्या बाईला ती घालायला कायद्याची आडकाठी नव्हती. त्याखाली मार्टेन (सेबलचाच भाऊबंद), कोल्हा, लिंक्स (एक रानमांजर), खार, आणि शेवटी ससा व मांजर. १६७०मध्ये सनद मिळालेली हडसन्स बे कंपनी कॅनडातून बीव्हर या पाणथळीतल्या कुरतडणाऱ्या प्राण्याची अमाप फर आणत होती, म्हणून बरेच जण बाईच्या झुलीला बीव्हर लावतात. तो बीव्हर मुख्यतः टोप्यांसाठी जाई. त्याच्या आतल्या बारीक लोकरीचा उत्तम नमदा होतो. तुमच्या व्यापाऱ्याचं तिकोनी टोपीचं दुकान असेल तर त्याच्या संवादात बीव्हर आणा, बायकोच्या काठावर नको. तिच्यासाठी मी मार्टेनसारखा तपकिरी मफ आणि पेलिसला हंसाच्या पिसांची पांढरी पट्टी निवडेन. हंसाच्या कातडीवरची मोठी पिसं उपटून खालची लव ठेवत, ती त्या काळी काठांसाठी फार वापरली जाई. बाजारात मिळणारी मऊ पिसांची पांढरी मारबू पट्टी दुरून अगदी तशी दिसते आणि परवडते.

संदर्भ म्हणून चित्रं बघताना एक सांभाळा. फ्रेंच चित्रकार बूशेचं १७५५चं ‘हिवाळा’ हे चित्र अतिशय देखणं आहे. बर्फात घसरगाडी, फरचा काठ, हातात मफ, आणि छाती जवळजवळ उघडी. तो ऋतूचा कल्पनाविलास आहे, कपड्यांची नोंद नव्हे. दुसरा फ्रेंच चित्रकार नातिए याने १७४८मध्ये रंगवलेल्या फ्रान्सच्या राणी मारी लेश्चिन्स्काच्या लाल झग्याची फर खरी, पण ती राणी आहे. इंग्लंडातली फर-अस्तराची ‘तुर्की’ वस्त्रं अनेक चित्रांत आहेत. इस्तंबूलला राहून आलेल्या लेडी मेरी वर्टली माँटेग्यूने १७१७च्या पत्रात एर्मिन किंवा सेबलचं अस्तर असलेला सैल तुर्की झगा वर्णन केला होता, आणि पुढे वेशांतराच्या मेजवान्यांत व चित्रांसाठी तसे झगे घालण्याची हौस पसरली. त्या चित्रातली बाई रस्त्यावर तशी जात नव्हती. रोजच्या कपड्यांसाठी छापील फॅशनचित्रं आणि टिकलेले कपडे यांवर जास्त विश्वास ठेवा.

मोलकरणीकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या मते त्या शतकाच्या इंग्रज हिवाळ्याचं सर्वांत ओळखू येणारं वस्त्र तिचंच आहे: लाल लोकरी झूल. जाड, खूप आटवलेलं ब्रॉडक्लॉथ, इतकं घट्ट की कापलेली कड दुमडावी लागत नाही, धागे सुटतच नाहीत. हूडच्या मागे चुण्या एका बिंदूकडे पंख्यासारख्या एकत्र येतात, आणि गळ्याशी रिबीन. कोटाचं मेल्टन कापड मिळालं तर ते घ्या आणि कड कच्चीच ठेवा. घोंगडीचा मोह टाळा, तिची वीण मोकळी आणि सूत जाड दिसतं. खाली जाड लोकरी झगा, साध्या कापडाचा शिवलेला पेटीकोट, आणि पायात बुटांखाली बांधायचे पॅटन, म्हणजे लोखंडी कडं लावलेले लाकडी तळवे. चिखलापासून पाय वर राहतो आणि दगडी रस्त्यावर खणखण आवाज येतो. पडद्यामागून तो आवाज आधी ऐकू आला तर ती येते आहे हे प्रेक्षकांना कळेल. तुमच्या ध्वनिसंयोजकाला हे नक्की सांगा. फर तिच्या अंगावर नको. फार तर बाईने दिलेला जुना, एका बाजूने केस झडलेला छोटा मफ द्या, तोही रविवारच्या प्रसंगातच.

दिग्दर्शकांना कोटाऐवजी मफ पटवायचा असेल तर त्यांना नाट्याच्या भाषेत सांगा. कोट घालून नटी फक्त उभी राहू शकते. मफमध्ये पत्र लपतं, पैसे लपतात, थरथरणारे हात लपतात. तो टेबलावर आपटता येतो, कुणाच्या हातात देता येतो, दारात विसरता येतो. आणि तो पुरुषही वापरत. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने १७६४च्या नाताळात आपल्या मित्राला खिशात मावेल असा लहानसा मफ भेट पाठवला होता, किंमत चौदा शिलिंग. तुमच्या व्यापाऱ्याच्या हातात मफ दिला तर तो विनोदासाठी देऊ नका. त्या काळच्या लंडनकराला तो ओळखीचा होता, आणि नटाने तो सहजपणे वापरला तर प्रेक्षकही दोन मिनिटांत स्वीकारतात.

शिवायचा क्रम असा ठेवा: आधी पेटीकोट, मग मोलकरणीची झूल, मग मफ, आणि पैसे उरले तर पेलिस. पेलिस जमली नाही तर बाईला काळ्या रेशमी छोट्या झुलीवर पांढरं टिपेट द्या, तेही १७७७ला अगदी योग्य आहे. मफची कच्ची प्रत, जुन्या उशीची का होईना, तालमीच्या पहिल्या दिवसापासून नटीला द्या. हात त्यात घालून संवाद म्हणायची सवय रंगीत तालमीच्या रात्रीत लागत नाही.